चष्म्यासकट

दिलावरच्या नव्या कारखान्याची फीत कापून झाली, पेढे वाटून झाले, तरी नूरीन मिरजेहून आली नव्हती. झुबेदाचं अर्धं लक्ष शेडच्या दाराकडेच होतं. कुपवाडच्या त्या गल्लीत जेवणाची सुट्टी झाली होती, शेजारच्या वर्कशॉपमधली माणसं मोटरसायकली काढत होती, आणि प्रत्येक गाडीच्या आवाजाला तिला वाटायचं, आली.

आत चष्म्याच्या काचा घासायचं नवंकोरं यंत्र हार घालून उभं होतं. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून तिचे सासरे, चांदसाहेब अत्तार, बसले होते. सायकलला पत्र्याची पेटी बांधून आष्टा, तासगावचे बाजार करत त्यांनी चष्मे विकले, त्यातून इस्लामपुरात दुकान टाकलं. ते दुकान आता झुबेदाचा नवरा अजमल चालवत होता. धाकट्या दिलावरनं सांगलीत काचेच्या दारांची शोरूम काढली आणि आता हा कारखाना. अत्तारांच्या घरात दोन पिढ्या चष्म्यावर जगल्या होत्या. आणि त्याच घरातल्या पोरीला चष्म्यामुळं फौजेनं परत पाठवलं होतं. आलेल्या पाहुण्यांपैकी निम्म्यांना ते ठाऊक होतं. कुणी विचारत नव्हतं, एवढंच.

नूरीन जनावरांची डॉक्टर. शिरवळच्या कॉलेजात शिकून आली आणि वाळवा तालुक्यातल्या गावोगावी तिनं अडलेल्या म्हशी सोडवल्या, बैलांचे पाय बांधले. मग फौजेच्या जनावरांच्या डॉक्टरांची जाहिरात निघाली तेव्हा कुणाला न विचारता तिनं अर्ज केला. मुलाखतीचे सगळे दिवस पार पडले, पळण्यात पास झाली, आणि शेवटी डोळ्यांच्या खोलीत तिचा साडेपाच नंबरचा चष्मा बघून त्यांनी 'अनफिट' लिहिलं. चष्मा लावून तिला शेवटची ओळ लख्ख दिसत होती, पण नंबर नियमात बसत नव्हता. आता अपील होतं. पुण्याला मोठ्या बोर्डापुढं उभं राहायचं आणि नियमातून सवलत मागायची. त्यासाठी डोळ्यांचा बाहेरचा अहवाल हवा होता म्हणून ती सकाळी मिरजेला गेली होती.

ती आली ती रिक्षानं. डोळ्यांवर काळा चष्मा, आणि उंबऱ्यापाशी थांबून तिनं पायानं पायरी चाचपली. झुबेदा पटकन पुढं झाली.

"काय झालं गं?"

"काही नाही अम्मी. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेत. संध्याकाळपर्यंत जवळचं दिसणार नाही." मग हळूच म्हणाली, "पाहुणे जाऊ देत. मग सांगते."

झुबेदानं तिच्या हाताला धरून तिला पंख्याखाली बसवलं. सांगण्यासारखं काहीतरी आहे, हे तिला तेवढ्यावरच कळलं.

*

पाहुणे गेल्यावर यंत्राच्या बाजूलाच सतरंजी अंथरून घरची माणसं जेवायला बसली. बाहेरचे एकटे आकाराम सुभेदार. चांदसाहेबांचे जुने दोस्त, वाळव्याचे, फौजेतून निवृत्त होऊन आलेले. ते घरच्यासारखेच.

दिलावरनं रश्शाची वाटी पुढं सरकवली आणि म्हणाला, "मला डॉक्टरांचा फोन आला हुता. नंबर वाढलेला न्हाई. चष्म्यानं नजर पूर्ण. काम झालं समज."

"त्यांनी तुम्हाला दुसरंही सांगितलं असेल, चाचा," नूरीन म्हणाली.

दिलावरनं पाण्याचा ग्लास उचलला.

"काय दुसरं?" अजमलनं विचारलं.

"उजव्या डोळ्याच्या पडद्याला अगदी कडेला एक पातळ जागा आहे. मायनस नंबरवाल्यांना असते कधीकधी. आज काही त्रास नाही. भोवतीनं लेसरचे टाके घालून घेतले की बहुतेक भीती राहत नाही, असं म्हणाले."

अजमलनं हातातला घास ताटात ठेवला. चौथीत असताना फळ्यावरचं दिसत नाही म्हणून रडत आलेल्या या पोरीचा पहिला नंबर त्यानंच काढला होता. तेव्हापासून तिच्या डोळ्यांतलं काही आपल्याला माहीत नाही असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"घालून घे टाके," दिलावर म्हणाला. "उद्याच जा. पण अपिलात त्याचा विषय काढायचा न्हाई. बोर्डानं काय मागितलंय? नंबर आणि नजर. डॉक्टर एका कागदावर तेवढंच लिहून देत्यात. पडद्याचा कागद येगळा. त्यो घरात राहू दे."

"बोर्डात पडदा तपासतात, चाचा."

"पहिल्या वेळंला तपासला का न्हाई? दिसलं त्यास्नी?"

"नाही. फार कडेला आहे."

"मग आपण कशाला बोट लावून दाखवायचं?" त्यानं सुभेदारांकडं पाहिलं. "तुमी सांगा, काका. तुमी तिथलं माणूस."

आकाराम सुभेदारांनी भाकरी मोडली. "फौजेत मी एक शिकलो. इचारल्याबिगर सांगायचं न्हाई. सवलत मागाय चाललीय पोरगी. आधीच एक पाय लंगडा, त्यात दुसरा आपणच कशाला दाखवायचा."

"बराबर हाय," चांदसाहेब म्हणाले. "आकाराम बोलतोय ते बराबर हाय. माल इकताना मी तरी काचेवरचा वरखडा गिऱ्हाइकाला दाखवला न्हाई कवा."

तिघं एका बाजूला झाले. नूरीननं काळा चष्मा काढला. मोठ्या झालेल्या बाहुल्यांमुळं तिचे डोळे पार काळे दिसत होते, आणि समोरचं ताट तिला धुरकट दिसत असावं, कारण ती बोटांनी वाटी शोधत होती. तरी आवाज शांत होता.

"मी दोन्ही कागद लावणार आहे," ती म्हणाली.

"आणि नापास झालीस तर?" दिलावरचा आवाज चढला. "फुडच्या वर्षी वय बसत न्हाई तुझं. मी पहिल्यापासून म्हणत हुतो, लेसर करून नंबरच घालवू, फुकट करून देतो. तर म्हणलीस, ऑपरेशननंतर थांबावं लागतंय, तवर वय जाईल. आता ह्यो एकच दरवाजा उरलाय आणि तू त्यालाच आतनं कडी लावाय निघालीस."

दिलावरच्या रागात काळजीही होती, आणि आणखी एक गोष्ट. त्या डॉक्टरांशी त्याचं रोजचं काम होतं, त्यानंच शब्द टाकून हा मार्ग काढला होता. पुतणीला फौजेत घातली असं त्याला चार माणसांत सांगायचं होतं. आणि खरं म्हणजे, चष्म्यापायी ती मागं आली हे त्याला स्वतःच्या धंद्यालाच लागलेलं बोट वाटत होतं.

झुबेदा वाढायची थांबली.

"बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली, "एक सांगू का? राग मानू नका."

"सांग की."

"मला बघाय तुमी कवठे महांकाळला आलता, तवा ह्यांच्या डोळ्यांवर चष्मा न्हवता."

चांदसाहेबांचा चेहरा बदलला. दिलावरची बायको तोंडाला पदर लावून खाली बघू लागली. ही गोष्ट घरातल्या बायकांत अनेकदा झाली होती, पुरुषांपुढं कधी आली नव्हती.

"काढून खिशात ठिवाय लावलेला तुमीच," झुबेदा पुढं म्हणाली. "चष्मेवाल्याचा पोरगा आनि त्यालाच एवढा जाड चष्मा, पोरगी देणार न्हाईत म्हणून. हे समोर बसले, माझ्याकडं बघून हसले. मला वाटलं काय हसरा माणूस हाय. यास्नी मी दिसतच न्हवते. माझ्या मागं भिंतीवर क्यालेंडर हुतं, त्याच्याकडं बघून हसत हुते."

आकाराम सुभेदारांना ठसका लागला. अजमल ताटाकडं बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

"लग्न होऊन आले, तर हे घरात चौकटीला आपटतायत. रांजण समजून शेळीवर तांब्या ठिवला. मला वाटलं, माणूस पितोय. मी माहेरी निरोप धाडला हुता, बाबा. माझा भाऊ न्याय आला हुता. तवा कुठं तुमी ह्यास्नी चष्मा परत घालाय दिला."

"आता कशाला ते..." चांदसाहेब म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच हसू फुटलं.

"म्हणून म्हणते," झुबेदा हसली नाही. "चष्मा बघून मी नको म्हणले नसते. पण झाकलेलं कळलं, तवा मला वाटलं, ह्या घरानं आणखी काय काय झाकलं असंल. वरीसभर तसंच वाटत हुतं. फौज तर काय माझ्यागत समजून घ्यायाची न्हाई. उद्या नोकरीत असताना कळलं तर पोरीच्या प्रत्येक कागदावर संशय घेतील. झाकायला घेतलं की जलमभर झाकावं लागतंय."

यंत्र बघायला आलेला शेजारचा कामगार दारातूनच परत गेला.

अजमलनं हात पुसले. धाकट्या भावापुढं तो सहसा तोंड उघडत नसे. दिलावर हुशार, धडाडीचा, त्याच्याच ओळखींवर घर पुढं गेलं, हे तो मान्य करून बसला होता.

"नूरी," तो म्हणाला, "सांगितलं आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर नाही, अब्बा. वाईट वाटेल. पण मग मला गावं आहेत, म्हशी आहेत. मी काही रिकामी बसणार नाही."

"आणि न सांगता घेतलं तर?"

"तर कुठंतरी डोंगरात खेचरांच्या तुकडीबरोबर असेन, आणि पडद्याचं काही झालं तर माझ्याबरोबरच्या माणसांना कळणार नाही काय झालंय. मला कुठं खाली आणायचं, किती घाईनं आणायचं, त्यांना आधी माहीत असायला हवं. मी त्यांच्या जिवावर जुगार खेळणार नाही."

अजमलनं मान हलवली. "मग दोन्ही कागद जातील."

"भाई," दिलावर म्हणाला.

"दिलावर, तू लय केलंस तिच्यासाठी. त्याबद्दल बोलत न्हाई मी. पण डोळे तिचे हायत. आणि पहिला नंबर मी काढलाय. कागद दोन्ही जातील."

दिलावर ताटावरून उठला आणि यंत्राच्या पलीकडं जाऊन त्याच्या वायरी बघत उभा राहिला. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. चांदसाहेब त्याच्या पाठीकडं बघत होते. मग ते झुबेदाला म्हणाले, "भात वाढ. आणि त्याचं ताट झाकून ठिव. यील."

*

मिरजेत लेसरचे टाके घालून झाले. डॉक्टरांनी जखम भरेपर्यंत थांबायला सांगितलं, मग पुन्हा तपासून तिसरा कागद दिला. बोर्डाची तारीख आली तोवर दिलावरचा इस्लामपूरला एकही फोन आला नव्हता. अजमलनं एसटीनं जायचं ठरवलं होतं. पहाटे बापलेक पिशव्या घेऊन दारात आले, तर समोर दिलावरची गाडी उभी. तो आत बसून चहा पीत होता.

"बसा," तो म्हणाला. "वाठारात नाष्टा करू."

वाठारात नाष्टा झाला, सातारा मागं पडलं. नूरीन मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. खंबाटकीचा बोगदा ओलांडून उतार उतरताना दिलावर आरशात तिच्याकडं बघून हळूच अजमलला म्हणाला, "तुला खरंच भाभी दिसल्या न्हवत्या?"

"हिरवी साडी दिसली हुती. बाकी काय न्हाई."

"आणि हो म्हणालास?"

"आवाज ऐकला हुता की. चहा देताना म्हणाली, साखर कमी वाटली तर सांगा. मला तो आवाज आवडला."

दिलावरनं पुढच्या ट्रकला मागं टाकलं. मग म्हणाला, "मला वाटलं, तू मला आडवं लावतोयस. माझ्या डॉक्टरला, माझ्या ओळखीला. चार दिवस जेवण गोड लागलं न्हाई. मग एका गिऱ्हाइकाला काच बसवून दिली. कडेला जरा चिरलेली हुती, फ्रेममध्ये दिसत न्हवती. गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं, आणि मी पोराला मागं पळवला. बदलून दिली." "तोट्यात घालणार ही पोरगी मला."

मागच्या सीटवर नूरीन हसली. ती झोपली नव्हती.

*

बोर्डात तिघं होते. मधल्या अधिकारी बाई केस पांढरे झालेल्या, आणि त्यांच्याही डोळ्यांवर चष्मा होता. नूरीनचे डोळे दोनदा तपासून झाले होते, एकदा थेंब घालून. आता तिला समोर बसवून बाई कागद चाळत होत्या. त्या हिंदीत बोलत होत्या, तुटक आणि सरळ.

"मागच्या वेळी तुमचा अर्ज नंबरमुळे नाकारला. पडद्याबद्दल आमच्या नोंदीत काहीच नाही. हे तुम्ही स्वतः जोडलंत?"

"हो."

"कुणी सांगितलं होतं जोडायला?"

"न जोडायला सांगणारे बरेच होते."

डावीकडचे अधिकारी किंचित हसले. बाई हसल्या नाहीत.

"तुम्ही सवलत मागताय. सवलत मागणारा माणूस स्वतःची बाजू भक्कम करतो. तुम्ही आमच्या हातात आणखी एक कारण दिलंत."

नूरीनला वाटलं होतं की इथं काहीतरी अवघड विचारतील. पण प्रश्न ओळखीचा निघाला. रोज गोठ्यात असले सौदे तिच्यासमोर होत.

"मॅडम, माझ्याकडं शेतकरी म्हैस घ्यायच्या आधी तपासायला आणतात," ती म्हणाली. "विकणारा कधीकधी सांगतो, हिच्या मागच्या पायाला जुनी जखम आहे, भरलीय, बघून घ्या. मी पाय चालवून बघते आणि बहुतेक वेळा घ्या म्हणते. दुसरा काहीच सांगत नाही आणि मला जखम सापडते. मग मी पायावर थांबत नाही. दात, कास, डोळे, सगळ्यावरच शंका येते. जनावर तितकंच चांगलं असतं. विश्वास जातो तो माणसावरचा."

"आणि तुम्ही आमची खरेदी तपासणार. फौजेसाठी खेचरं, कुत्री."

"हो. म्हणूनच."

बाईंनी कागद मिटून बाजूला ठेवले. "चष्मा काढा." नूरीननं काढला. "मी कुठं बसलेय?"

"समोर. पण तुमचा चेहरा दिसत नाही."

"डोंगरात असा चष्मा फुटला तर?"

"तर मी अर्ध्या कामाची. जनावराच्या पोटात हात घालून वासरू फिरवायला मला नजर लागत नाही, पण परत चालत यायला लागते. म्हणून गावात जातानाही माझ्या बॅगेत दुसरा चष्मा असतो, आणि हा मागून दोरीनं बांधलेला असतो. चष्म्याशिवाय मी फिट आहे असं मी म्हणतच नाही. चष्म्यासह आहे."

डावीकडच्या अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहिलं. बाई म्हणाल्या, "हे नियमात नाही. आम्ही फक्त शिफारस करू शकतो. निर्णय वरून येईल, आणि तो नाहीही असू शकतो. समजलं?"

"समजलं, मॅडम."

बाहेर येताना तिनं चष्मा घातला तेव्हा कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर अब्बा आणि चाचा शेजारी शेजारी बसलेले दिसले. चाचानं डोळ्यांनीच विचारलं, काय. तिनं खांदे उडवले. तिला आतून हलकं वाटत होतं. जे काही घडायचं असेल ते आता तिकडं घडेल, तिच्याकडून काही राहिलं नव्हतं.

*

निर्णय आला तेव्हा उसाच्या तोडी सुरू झाल्या होत्या. इस्लामपूरच्या दुकानात चांदसाहेब एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होते. आकाराम सुभेदार बाकावर पेपर वाचत होते. नूरीन गावांतून परतली होती, पायांत गमबूट, आणि फोन हातात धरून ती दारातच थांबली.

अजमल काउंटरमागून उठला. मागच्या खोलीतून झुबेदा आली.

नूरीननं मोठ्यानं वाचलं. नंबरमधली सवलत विशेष बाब म्हणून मंजूर. पडद्याची तपासणी दर सहा महिन्यांनी. विमानातून उडी घ्यायच्या कामावर पाठवायचं नाही. कायम एक जादा चष्मा सोबत ठेवायचा. इंग्रजी वाचून ती मराठीत सांगत गेली. शेवटी रुजू व्हायचं ठिकाण होतं, उत्तरेतलं, कुणी ऐकलेलं नव्हतं.

चांदसाहेबांनी गिऱ्हाइकाच्या कानामागची काडी सोडली नव्हती. "एवढं सगळं लिवलंय," ते म्हणाले. "म्हंजे पास का नापास?"

"पास, दादा," ती आजोबांना म्हणाली. "चष्म्यासकट."

आकाराम सुभेदारांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "मी चुकीचं सांगितलं हुतं पोरी," ते म्हणाले. "बरं झालं ऐकलं न्हाईस."

"तुम्ही तुमच्या वेळचं सांगितलंत, काका."

अजमलनं दिलावरला फोन लावला. पास झाली, एवढंच सांगितलं. मग दिलावर इतक्या जोरानं बोलायला लागला की दुकानातल्या सगळ्यांना ऐकू आलं. शोरूमच्या दर्शनी काचेत नूरीनचा वर्दीतला फोटो लावायचा, मोठा, दिव्यांचा. अजमल म्हणाला, "लाव. पण चष्मा घातलेलाच." त्यावर दिलावर म्हणाला, "मग काय बिनचष्म्याचा लावू? मी चष्मे इकतो, भाई."

तेवढ्यात नूरीनच्या हातातला फोन वाजला. बोरगावला म्हैस अडली होती. तिनं दोन प्रश्न विचारले, निघाले म्हणाली, आणि बॅग उचलली.

"आज तरी बस की जरा," झुबेदा म्हणाली. "तोंड गोड कर. जेवून जा."

"रेडकू थांबणार नाही, अम्मी. आल्यावर जेवते."

स्कूटर बाजाराच्या गर्दीतून वाट काढत दिसेनाशी झाली. गिऱ्हाईक आरशात आपला नवा चष्मा बघत होतं. झुबेदा अजूनही पायरीवर उभी होती, आणि अजमल तिच्या शेजारी येऊन थांबला.

"समदी म्हणत्यात, पोरगी तुमच्यावर गेलीया," ती म्हणाली.

"डोळ्यांनी तेवढी," अजमल म्हणाला. "बाकी तुझ्यावर."